माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन

मुलांनो, आपल्या जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. तेथे १८०३ साली इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या वेळी इंग्रज सेनापतीजवळ फारसी जाणणारा २३ वर्षांचा एक तरुण होता. तोच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होय.

पुढे कंपनी सरकारने त्याला काबूलच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवले. १८११ पासून तो पुण्यास पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. ती बुडवण्यात त्याचा मोठा हात होता. नंतर मुंबईचा गव्हर्नर असताना त्याने शाळांना व मराठी पुस्तकांना उत्तेजन दिले. १८५९ साली तो इंग्लंडात वारला.

मुलांनो, त्याने भाषेचा उपयोग राज्य मिळवण्यासाठी केला. तुम्ही मराठी शिका, ती माणसे जोडण्यासाठी!