चार्ली चॅप्लिन : हास्य आणि अश्रू

आखूड कोट, ढगळ विजार, डोक्यावर गोल टोपी व हातांत वेताची काठी अशा वेषांतील एका ठेंगण्या भटक्याचें चित्र आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. ती भूमिका करणारा व ते चित्रपट स्वतः दिग्दर्शित करणारा कलावंत म्हणजे चार्ली चॅप्लिन होय.

त्याचा जन्म १६ एप्रिल १८८९ रोजीं इंग्लंडांत झाला. आईबाप दोघेंही रंगभूमीवर गात असत; परंतु बाप मद्याच्या आहारीं गेला व आईचा आवाज बसून तिची उपजीविका बुडाली. वयाच्या सातव्या वर्षीं चार्लीस लंडनच्या लॅम्बेथ भागांतील निराश्रितगृहांत राहावें लागलें. पुढें आईस बुद्धिभ्रंश झाला.

१९१४ सालीं तो अमेरिकेंत चित्रपटांत उतरला. १९१९ मध्यें त्याचें पहिलें अपत्य तीन दिवसांतच वारलें. त्यानंतर थोड्याच काळांत त्यानें ‘द किड’ हा चित्रपट हातीं घेतला. टाकून दिलेलें मूल वाढविणाऱ्या त्या भटक्यापासून अनाथालयाचे अधिकारी मुलास हिरावून नेतात, तेव्हां हंसणारे प्रेक्षक एकाएकीं डोळे पुसूं लागतात. हा चित्रपट १९२१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं त्यानें आईस आपल्याजवळ कॅलिफोर्नियांत आणविलें. १९२८ मध्यें ती तेथेंच वारली.

सिएरा नेवाडा पर्वतावरील बर्फांत १८४६-४७ च्या हिवाळ्यांत अडकलेल्या प्रवाशांनीं चामडें उकडून खाल्लें, कांहींनीं तर मृतांचें मांसही भक्षण केलें. ही भीषण हकीकत वाचून चॅप्लिनला ‘द गोल्ड रश’ (१९२५) सुचला. त्यांत भटका आपला जोडा शिजवितो, मोठ्या ऐटीनें वाढतो आणि खिळे हाडांप्रमाणें चोखतो. आपण पोट धरून हंसतों. परंतु ही उपासमार आहे हें विसरत नाहीं.

चॅप्लिनचें खाजगी आयुष्य सर्वस्वीं अनुकरणीय होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि दुःखाची थट्टा करणें निराळें व दुःखी मनुष्याची थट्टा करणें निराळें, हा भेद त्याच्या कलेनें शिकविला. ठिगळ लावलेला सदरा घालून येणाऱ्या सोबत्यास हंसण्यापूर्वीं आमच्या विद्यार्थ्यांनीं तो भेद ध्यानांत आणावा. त्या सोबत्याबरोबर हंसतां येतें. त्याला हंसणें मात्र निर्दयपणाचें आहे.

२५ डिसेंबर १९७७ रोजीं, नाताळच्या दिवशीं, स्वित्झर्लंडांत वयाच्या ८८ व्या वर्षीं चॅप्लिनचें देहावसान झालें.