विश्लेषण : वाचणाऱ्या स्त्रीची पोर्सेलिन मूर्ती काय सांगते? मादाम द पाँपादूर यांनी प्रतिमा कशी घडवली?

शोकेसमध्ये पुस्तक वाचणाऱ्या स्त्रीची पोर्सेलिनची मूर्ती अनेकांनी पाहिली असेल. आज ती शोभेची वस्तू वाटते. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये मात्र स्त्रीच्या हातातले पुस्तक तिची बुद्धी आणि दर्जा सांगत असे. हे नेमके ओळखले मादाम द पाँपादूर यांनी.

कोण होत्या पाँपादूर?

जन्म १७२१, पॅरिस. १७४५ मध्ये त्या राजा पंधरावा लुई यांच्या अधिकृत प्रेयसी झाल्या. घराणे उमरावांचे नव्हते. माहेरचे आडनाव प्वासाँ, म्हणजे मासा. त्यावरून टवाळीची गाणी रचली गेली. १७५०च्या सुमारास राजाशी असलेले शारीरिक संबंध संपले. आता दरबारात टिकायचे कशाच्या बळावर, हा खरा प्रश्न होता.

पुस्तकच का?

उत्तर होते, मैत्रीण आणि सल्लागार म्हणून. ला तूर यांच्या १७५५च्या चित्रात त्यांच्या टेबलावर ज्ञानकोशाचा खंड आहे. याच ज्ञानकोशाच्या पहिल्या दोन खंडांवर १७५२ मध्ये बंदी आली होती. बुशे यांच्या १७५६च्या चित्रात हातात उघडे पुस्तक, तर मागच्या आरशात पुस्तकांचे कपाट दिसते. हा केवळ देखावा नव्हता. त्यांच्या संग्रहात साडेतीन हजारांहून अधिक पुस्तके होती.

पोर्सेलिनशी संबंध काय?

पोर्सेलिनचा कारखाना १७५६ मध्ये व्हँसेनहून सेव्ह्रला, त्यांच्या बेलव्ह्यू प्रासादाजवळ आला. १७५९ मध्ये राजाने तो विकत घेतला. तिथली खासियत म्हणजे बिस्किट पोर्सेलिन, म्हणजे भाजलेली पण झिलई न दिलेली मूर्ती. झिलईचा थर बारीक कोरीवकाम बुजवतो. तो नसल्याने बोटे, वस्त्राच्या चुण्या, पुस्तकाच्या कडा स्पष्ट राहतात आणि मूर्ती संगमरवरी भासते. शिवाय एका साच्यातून अनेक प्रती निघतात.

शिल्पकार फाल्कोने यांनी १७५५ मध्ये मैत्रीची छोटी मूर्ती घडवली. हातात हृदय घेतलेली ही स्त्री प्रेयसी नाही, सखी आहे. चित्रांतले पुस्तक आणि ही मूर्ती, दोन्हींचा संदेश एकच होता : आपले स्थान रूपावर अवलंबून नाही.

पुढे काय झाले?

१७६४ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी पाँपादूर यांचे निधन झाले, तेही वर्सायच्या राजवाड्यात. राजघराण्याबाहेरच्या व्यक्तीला तिथे अखेरचा श्वास घेऊ देण्याचा रिवाज नव्हता. त्यांच्यासाठी तो मोडला गेला.