हेन्री कॅव्हेंडिश आणि विजेचे इंच

हायड्रोजन वायूचा शोध कोणी लावला, असे विचारले तर हायस्कूलचा विद्यार्थी हेन्री कॅव्हेंडिश यांचे नाव चटकन सांगतो. पृथ्वीची घनता मोजणारे म्हणूनही ते प्रसिद्ध आहेत. परंतु विजेच्या शास्त्रात त्यांनी काय करून ठेवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे सत्तर वर्षे जगाला नीट ठाऊक नव्हते.

कॅव्हेंडिश यांचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी नीस येथे एका इंग्रज उमराव घराण्यात झाला. ते दोन वर्षांचे असतानाच आई वारली. केंब्रिजला चार वर्षे शिकून १७५३ साली पदवी न घेताच ते बाहेर पडले. (याच केंब्रिजला १८९९ साली आपल्या जिल्ह्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले.) पुढे अफाट संपत्ती हाती आली, पण स्वभाव कमालीचा बुजरा. घरातील मोलकरणींशीसुद्धा ते चिठ्ठ्या लिहून व्यवहार करीत, असे सांगतात.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. धातूच्या दोन वस्तूंना एकाच साठ्यातून वीज दिली, तर कोणीत किती मावेल? यासच आज आपण धारिता म्हणतो. एकट्या गोळ्याची धारिता त्याच्या त्रिज्येच्या प्रमाणात असते. त्रिज्या दुप्पट केली की धारिता दुप्पट. पृष्ठफळाप्रमाणे चौपट नव्हे. वर्गात हे मुलांना सहजासहजी पटत नाही. कॅव्हेंडिश यांनी गोळ्यालाच माप ठरविले. एखाद्या वस्तूत जितकी वीज मावते तितकीच ज्या गोळ्यात मावेल, त्याचा व्यास म्हणजे त्या वस्तूचे 'विजेचे इंच'. भेंडाच्या हलक्या गोळ्या दोऱ्याला टांगून, त्या एकमेकींपासून दूर सरकतात की नाही, एवढ्यावरून त्यांनी गोळा आणि तेवढ्याच व्यासाची चकती यांचे प्रमाण १.५७ काढले. पुढे गणिताने आलेले उत्तर १.५७०८ आहे. प्रवाह मोजायला यंत्र नव्हते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या शरीराला बसणारे धक्केच ताडून पाहिले!

एकात एक गोल ठेवून, आतल्या गोळ्यावर वीज उतरत नाही हे दाखवून, त्यांनी व्यस्त वर्गाचा नियमही १७७३ च्या सुमारास सिद्ध केला होता. कुलोम यांनी तो १७८५ साली प्रसिद्ध केला आणि नाव त्यांचे झाले. यात कुलोम यांचा काय दोष? कॅव्हेंडिश यांची टिपणे पेटीतच होती.

दोन गोळे जवळ आणले की गणित अवघड होते. विरुद्ध प्रभार एकमेकांना समोरच्या बाजूस ओढतात आणि जोडीची धारिता वाढते. दूर असलेल्या दोन सारख्या गोळ्यांच्या जोडीची धारिता एकट्या गोळ्याच्या निम्मी. अंतर कमी होईल तशी ती चढत जाते. फ्रान्सच्या प्वासाँ यांनी हे कोडे १८११ मध्ये हाती घेतले. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी प्रतिमांची युक्ती काढली. एका गोळ्यातील प्रभाराची प्रतिमा दुसऱ्यात, तिची पुन्हा पहिल्यात, समोरासमोरच्या आरशांसारखी. मात्र प्रत्येक प्रतिमा आधीपेक्षा लहान. म्हणून बेरीज आटोक्यात येते.

याच थॉमसन यांना १८४९ मध्ये ती जुनी टिपणे पाहायला मिळाली, आणि चकतीचा आकडा वाचून ते थक्क झाले. कॅव्हेंडिश २४ फेब्रुवारी १८१० रोजीच वारले होते. १८७४ साली कागद मॅक्सवेल यांच्याकडे आले. त्यांनी स्वतःचे काम बाजूला ठेवून प्रयोग पुन्हा करविले आणि ऑक्टोबर १८७९ मध्ये ग्रंथ छापून काढला. पुढच्याच महिन्यात, ५ नोव्हेंबरला, मॅक्सवेल यांचे निधन झाले.