संत गाडगेबाबा : खराटा, गटार आणि लेकरांचं पोट



जुलै लागला की हजेरीपटावर एक गोष्ट हमखास दिसते. पहिली-दुसरीची लेकरं दोन-दोन, तीन-तीन दिवस गैरहजर. चौकशी केली की आई सांगते, सर, हगवण लागली होती, उलट्या पण झाल्या. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही गावच्या शिक्षकाला हे नवीन नाही. अंगणवाडीतल्या लेकरांचे हाल तर आणखी वाईट, कारण जेवढं मूल लहान तेवढं अंगातलं पाणी लवकर संपतं. म्हणून आज संत गाडगेबाबांचं चरित्र या अंगानं पाहू. जयंतीच्या भाषणात हा भाग सहसा राहून जातो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. गाव शेणगाव, तालुका अंजनगाव सुर्जी, जिल्हा अमरावती. (मुलं हे आपलं सेनगाव समजतात आणि उत्तरपत्रिकेत तसं लिहितातही. तेवढं एकदा फळ्यावर स्पष्ट करून सांगा.) घर परिटाचं. वडील दारूपायी लवकर गेले आणि डेबू आईबरोबर आजोळी, दापुऱ्याला वाढला. गुरं राखली, शेती केली, शाळेचं तोंड पाहिलं नाही.

आता याच वर्षांत जगात काय चाललं होतं बघा. डेबू चार वर्षांचा असताना, १८८० मध्ये, विषमज्वराचा म्हणजे टायफॉइडचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. तो आठ वर्षांचा असताना, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला. १८९७ मध्ये जपानच्या कियोशी शिगा यांना रक्ती आवेचा जंतू सापडला, तेव्हा डेबूजी एकवीस वर्षांचे, लग्न झालेले, दापुऱ्याच्या शेतात राबत होते. लेकरांच्या पोटावर उठणारे हे तिन्ही जंतू घाणीतून पाण्यात, पाण्यातून तोंडात जातात हे शास्त्रज्ञांना उमगत होतं. ते पुस्तक काही डेबूजींपर्यंत पोहोचलं नाही. पण त्यांनी हात घातला तो नेमका त्याच वाटेवर.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. पहिल्या मुलीच्या बारशाला दारू आणि मटण हा रिवाज होता, तो मोडून डेबूजींनी गोड जेवण वाढलं. भाऊबंद रागावले. सावकारानं मामाची जमीन कशी गिळली तेही त्यांनी जवळून पाहिलं. १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं.

अंगावर चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, खापराचं गाडगं आणि हातात खराटा. हे चित्र मुलांना पाठ असतं. पण गावात शिरल्यावर ते आधी काय करायचे? देऊळ शोधत नव्हते. रस्ता झाडायचे, तुंबलेली गटारं मोकळी करायचे. गावकरी बघत उभे राहायचे, मग लाजेनं दोघं-चौघं फावडी घेऊन यायचे. दिवसभर गाव झाडून झालं की रात्री कीर्तन.

इथं जरा थांबू. गटार मोकळं केल्यानं लेकराचं पोट कसं वाचतं? जंतू आजारी माणसाच्या शौचातून बाहेर पडतो. उघड्यावर घाण पडली की पावसाचं पाणी तिला विहिरीत नेतं. हातपंपाभोवती डबकं साचलं की ते खाली मुरतं. नळाची पाइप गटारातून गेलेली आणि जोडावर फुटलेली असेल तर पाणी बंद असताना घाण आत ओढली जाते. माशी तर दोन मिनिटांत उकिरड्यावरून भाकरीवर. आणि अंगणात रांगणारं मूल जे हाताला लागेल ते तोंडात घालतं. ही सगळी साखळी बाबांच्या खराट्याखाली येत होती.

कीर्तनात ते नुसतं सांगत नसत, विचारत. श्रोत्यांना प्रश्न टाकायचा, लोकांकडूनच उत्तर वदवून घ्यायचं, तेही साध्या वऱ्हाडी बोलीत. आपण प्रशिक्षणात प्रश्नोत्तर पद्धत म्हणून शिकतो ती हीच. नवस, बोकडाचा बळी, अंगात येणं यांवर ते कडाडून बोलत. घरात लेकरू आजारी पडलं की पैसा अशा ठिकाणी जायचा, औषधाला उरायचा नाही. लेकराच्या मरणाचं दुःख त्यांनी स्वतःही सोसलं होतं. मुलगा गोविंदा कुत्रं चावून गेला. बातमी आली तेव्हा ते कीर्तनात उभे होते आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही.

पंढरपूर हा वेगळाच विषय. आपल्या नर्सी नामदेवची पालखीही तिथं जाते. त्या काळात वारी आणि पटकी हे शब्द जोडीनंच यायचे. लाखो माणसं, एक नदी, तिथंच आंघोळ, तिथलंच पिणं. बाबा पंढरपूरला जायचे ते चंद्रभागेचं वाळवंट झाडायला. तिथं त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. नाशिक, आळंदी, देहू इथंही. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा बांधली. ही मला सर्वांत मोठी वाटते. माणूस आजारी पडला तर दवाखान्यातच गेला पाहिजे हे त्यात आलं.

म्हणून पालकांनो, खराट्याबरोबर दवाखान्याचंही सांगतो. हगवण लागली की पहिल्या जुलाबापासून जलसंजीवनी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची मोठी पुडी, चोवीस तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले की लोक सोडून देतात, तसं करू नका. उरलेलं अँटिबायोटिक स्वतःच्या मनानं देऊ नका, प्रत्येक जुलाबाला ते लागतही नाही. शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, लघवी बंद, मूल मलूल, पाणीही पीत नाही, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि शिक्षकांनो, २००० सालापासून बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आहे. आपण भिंती रंगवल्या, निबंध स्पर्धा घेतल्या. माझ्या वर्गातही फोटोला हार होता, पण खिचडीच्या रांगेजवळच्या नळापाशी साबण नव्हता, आणि हे मला दोन वर्षं दिसलंच नाही. साबणानं हात धुण्यानं जुलाबाचं प्रमाण जवळपास ३० टक्के कमी होतं. आता जाळीच्या पिशवीत साबण नळाला बांधला आहे, चोरीला जात नाही. टाकीत टीसीएल कधी टाकलं ते पाचवीची मुलं वहीत लिहितात.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, वाटेतच, बाबांनी देह ठेवला. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. शेणगावही त्याच जिल्ह्यात. मुक्कामाची सहल काढली तर दोन्ही पाहून होतं.