मुळाशी जाणारी पंडिता

पंडिता रमाबाई म्हटले की शारदा सदन आणि केडगावचे मुक्तिसदन आठवते. मला मात्र त्यांचा एक हट्ट अधिक मोलाचा वाटतो. कोणतीही शिकवण मूळ ग्रंथाशी ताडून पाहिल्याशिवाय त्या स्वीकारीत नसत.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ते रमाबाईंना दिले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर देशभर पायपीट करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये वैधव्य आले, तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे टीकेची झोड उठली. पण नव्या धर्मातही त्यांनी डोळे मिटून मान डोलावली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताला, धर्मगुरूंच्या अधिकाराला बायबलात आधार कोठे आहे, असे त्या आश्रयदात्या भगिनींनाच पत्रांतून विचारीत राहिल्या. परक्या देशात, पदरी लहान मूल असताना, ज्यांचे अन्न खायचे त्यांच्याशी वाद घालणे सोपे नव्हते. पुढे त्यांची काही मते बदलली, तीही स्वतःला पटल्यावरच.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना शिकवितात की पावतीवाचून खतावणीतल्या नोंदीला किंमत नाही. रमाबाईंनी हाच नियम धर्माला लावला.

प्रचलित मराठी बायबलाची संस्कृतप्रचुर भाषा केडगावच्या दुष्काळपीडित, अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नसे. म्हणून उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. संस्कृतची एवढी पंडिता, पण जड शब्द तिने कटाक्षाने टाळले. मुक्तिसदनाच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे कामही तेथील मुलीच करीत. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांचे धर्मांतर कोणाला पटो वा न पटो. स्वतः मुळाशी जावे आणि तेथे सापडलेले अगदी शेवटच्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगावे, ही त्यांची रीत मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने घ्यावी असे मला वाटते.