जात्यावरचें गाणें

आमच्या पिंप्राळ्याच्या शेजारींच, जळगांवांत, बहिणाबाई चौधरी यांचा संसार झाला. जन्म १८८० सालीं, असोदे येथें. वयाच्या तेराव्या वर्षीं त्या चौधऱ्यांच्या घरीं सून होऊन आल्या. अक्षरओळख नव्हतीच. तिशीच्या सुमारास वैधव्य आलें. पदरीं तीन मुलें, आणि त्यांतील ओंकारास प्लेगानें कायमचें पंगुत्व आणिलें.

अशा स्थितींतही पहाटे जात्याचा खुंटा हातीं आला कीं त्यांच्या मुखांतून ओवी निघे. मन प्रसन्न होईल तेव्हां गाऊं, असें म्हणून त्या थांबल्या नाहींत. आधीं गाणें, मागाहून प्रसन्नता, असाच तो क्रम असावा असें आम्हांस वाटतें. दुःख त्यांनीं झांकिलें, असें मात्र कोणी समजूं नये. वैधव्यावरही त्यांचें गाणें आहे. पण त्याच कंठांतून सुगरणीच्या खोप्याचें कौतुक व पेरणीचा हर्षही निघाला.

हें सारें ऐकत वाढलेले पुत्र सोपानदेव पुढें स्वतः कवि झाले. त्यांनीं व आप्त पितांबर चौधरी यांनीं तीं गाणीं उतरून घेतलीं. १९५१ च्या डिसेंबरांत बहिणाबाई वारल्या. आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें १९५२ सालीं गाणीं छापून निघालीं, आणि जात्याचा तो स्वर खानदेशाबाहेरच्या घरांतही पोंचला.