सिंहगडावरून पडला आणि लेखक झाला!

दोस्तांनो, तुमचं वय काय? वीस, बावीस? द्वारकानाथ माधव पितळे २३ वर्षांचे होते, तेव्हा सिंहगडाच्या कड्यावरून खाली कोसळले. साल होतं १९०५. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरी करणारा हा तरुण अंथरुणाला खिळला.

पुढे काय केलं असेल त्यांनी? वाचलं. भरपूर वाचलं आणि मग लिहायला घेतलं. १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी आली आणि मराठी वाचकाला ‘नाथमाधव’ हे नाव मिळालं.

त्यानंतर ‘सावळ्या तांडेल’ आली. तांडेल म्हणजे कोण, हे आपल्या रायगडातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. ‘वीरधवल’नं तर वाचकांना अक्षरशः वेड लावलं. पण त्यांचं मोठं काम म्हणजे शिवकाळावरची स्वराज्यमाला. तिचं पहिलं पुस्तक ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या आपल्या हमरापूर-जोह्यात वाचनाची सुरुवात करायला याहून चांगलं नाव कुठलं सापडणार?

आता जरा विचार करा. ज्या गडानं पाय हिरावले, त्याच गडांच्या गोष्टी हा माणूस आयुष्यभर लिहीत राहिला. पुन्हा गड चढणं शक्य नव्हतं, म्हणून वाचकाला कागदावरून वर नेलं. १९२८ मध्ये ते गेले, तेव्हा वय अवघं ४६ होतं.

भाषा जुनी आहे, वाक्यं लांबलचक आहेत. पहिली वीस-पंचवीस पानं नेट लावून वाचा, पुढे गोष्टच तुम्हाला ओढून नेते. फक्त एक लक्षात ठेवा: ही कादंबरी आहे. त्यातली सगळी माणसं आणि सगळे संवाद खरे नाहीत. म्हणून सोबत गो. स. सरदेसाईंची ‘मराठी रियासत’ही चाळा. कादंबरी आपल्याला त्या काळात नेऊन सोडते, तर खरं काय घडलं ते इतिहास सांगतो. दोन्ही वाचलंत, तर कुणी काहीही फॉरवर्ड करू दे, तुम्ही सहज फसणार नाही.

पनवेलच्या गाडीत रोज जेवढा वेळ रील्स बघण्यात जातो, तेवढ्यात आठ-दहा पानं आरामात होतात. लायब्ररीत जा आणि नाथमाधव मागा. कपाटात मागच्या रांगेत असतील, पण असतील नक्की.